अडतीस सेकंदांची रील आणि बहिणीचं कॉलेज

बसमध्ये असाल तर हेडफोन लावा, कारण आजचा भाग जरा घरचा आहे.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, बारावी झाली. फिल्म आणि मीडिया शिकायचंय. घरचे म्हणतात, वेड लागलंय का? तू इंजिनिअर आहेस, तू सांग." म्हणजे बघा, मी बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. फिल्मशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. तरी उत्तर देणार आहे, कारण हाच प्रश्न माझ्या घरात आला होता आणि मी सरळ "नाही" म्हणालो होतो. तो नकार कसा चुकला आणि कुठे बरोबर होता, ते सांगतो.

माझं गाव मुकुटबन. यवतमाळ जिल्हा, झरी जामणी तालुका. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात तेलुगू शब्द कानावर पडतातच. एकीकडे कापूस आणि तूर, दुसरीकडे सिमेंटचा कारखाना आणि रस्त्यावरचे ट्रक. आमची शेती कोरडवाहू. मी घरातला पहिला इंजिनिअर, म्हणून घरात माझ्या शब्दाला जरा जास्तच वजन आहे. ते वजन कसं वापरायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

माझी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बारावीला असताना, डिसेंबरात, ती बाबांसोबत कापूस विकायला गेली. एका खासगी व्यापाऱ्याकडे. काट्यावर गाठोडी चढली, वजन झालं, मग ओलाव्याचं कारण सांगून काही किलो कापले गेले. बाबा म्हणाले, "भाऊ, पाहा ना जरा." तिनं हे सगळं मोबाईलवर घेतलं. घरी येऊन अडतीस सेकंदांची रील बनवली, खाली एक रडकं गाणं टाकलं आणि वर लिहिलं, 'माझा बाप'.

तिच्या रीलला एरवी दोनशे व्ह्यूज यायचे. ही दोन दिवसांत चाळीस हजारांवर गेली. मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून पाहिली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मी शेअरसुद्धा केली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं बाबांना चौकात गाठलं. "काऊन भाऊ, तुमच्या पोरीनं आमाले चोर ठरवलं का?" चार माणसं उभी होती. बाबा त्याला काही बोलले नाहीत. घरी येऊन बहिणीला एवढंच म्हणाले, "ज्याच्या दारात वर्षभर जा लागते, त्याले असं उघडं पाडते का कोणी? अन् मी भिकारी आहो का, असा दाखवाले?"

आता खरी गोष्ट ऐका. तिनं रेकॉर्ड केलं होतं सव्वाचार मिनिटं. त्यातल्या पहिल्या तीन मिनिटांत तोच व्यापारी बाबांना खुर्ची देतो, चहा मागवतो, आईच्या गुडघ्यांचं विचारतो. जूनमध्ये बियाण्यासाठी त्यानंच हातउसने पैसे दिले होते. आणि "भाऊ, पाहा ना जरा" हे बाबा हसत म्हणाले होते, ओळखीच्या माणसाशी घासाघीस करताना म्हणतात तसं. रीलमध्ये ते हसू नव्हतं. ती फ्रेम संपायच्या आधीच कट होती, आणि वर गाणं होतं.

मग व्यापारी साधुसंत होता का? नाही. कापलेले किलो खरेच होते. पण नातं गुंतागुंतीचं होतं आणि रीलमध्ये ते सपाट झालं. बहिणीनं रील काढून टाकली. तोवर ती तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत होती. तिकडून ती कोण काढणार?

आणि अशा वातावरणात मे महिन्यात निकाल लागल्यावर ती म्हणाली, "मले फिल्म अन् मीडिया शिकायचं आहे."

तुम्ही कल्पना करा. आई म्हणाली, पोट्टीच्या हातात फोन दिला तिथंच चुकलं. बाबा काही बोललेच नाहीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी व्हिडिओ कॉलवर होतो. मी म्हणालो, "बीएस्सी कॉम्प्युटर कर. फी मी भरतो. फिल्मचं पुढे छंद म्हणून बघू."

ती म्हणाली, "दादा, तुझं कोड चुकते तवा तुले कोणी म्हणते का, इंजिनिअरिंग सोड? मले हे चुकीचं जमलं, म्हणूनच शिकायचं आहे."

मी कॉल कट केला. नेटवर्क गेलं असं सांगितलं.

पण त्या रात्री डोक्यातून जाईना. आमच्या कंपनीत नवीन मुलगा आला की त्याचा कोड थेट लाइव्ह जात नाही. आधी कोणीतरी वाचतं, प्रश्न विचारतं, "ही ओळ का काढलीस?" असं चारदा होतं, मग कोड ग्राहकापर्यंत जातो. मी स्वतः पहिले सहा महिने नुसत्या शिव्या खाल्ल्या. आणि माझ्या बहिणीच्या हातात सतराव्या वर्षी चाळीस हजार लोकांपर्यंत थेट जाणारं बटण होतं. मध्ये विचारणारं कोणी नाही. "पहिली तीन मिनिटं का काढलीस?" हा प्रश्न तिला रील टाकायच्या आधी कोणीच विचारला नाही. मी तर शेअर करून मोकळा झालो होतो.

मग मी मला जमतं ते केलं. एक एक्सेल शीट उघडली आणि शोधायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की 'फिल्म आणि मीडिया' असा एकच अभ्यासक्रम नाही. पोस्टरवर कॅमेऱ्याचा फोटो असतो, पण आत वेगवेगळं असतं. मुंबई विद्यापीठाचा जो बीएमएम म्हणून प्रसिद्ध होता, आता ज्याला बीएएमएमसी म्हणतात, त्यात शेवटच्या वर्षी मुख्य वाटा दोन राहिल्या आहेत: पत्रकारिता किंवा जाहिरात. सिनेमा हा त्यातला एक भाग. वाईट आहे असं नाही, पण 'मला दिग्दर्शक व्हायचंय' म्हणून जाणाऱ्याला हे आधी माहीत हवं. दुसरीकडे खासगी विद्यापीठांत फिल्ममेकिंगचीच पदवी मिळते, पण तिथे फीचा आकडा लाखांत असतो. आणि पुण्याची एफटीआयआय? तिथले दिग्दर्शन, छायालेखन, संकलन हे मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. बारावीनंतर थेट जाता येत नाही. हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडच्या बऱ्याच पोरांना माहीत नाही.

एफटीआयआय ज्या जागेवर आहे तिथे आधी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ साली पुण्यात आली. ती बंद पडल्यावर १९६० साली त्याच जागेत ही संस्था उभी राहिली. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. म्हणजे सिनेमा शिकायला देशभरातून पोरं आपल्या पुण्यात येतात, आणि आम्ही यवतमाळचे पुण्यात जातो ते कोडिंग शिकायला. असो.

मग मी दुसऱ्या बाजूनं शोधलं. ज्यांचे सिनेमे आवडतात ते लोक काय शिकले?

नागराज मंजुळे. पुण्यात मराठी घेऊन एमए केलं, मग अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीजला गेले. 'पिस्तुल्या' ही त्यांची शॉर्ट फिल्म तिथला अभ्यासाचा प्रोजेक्ट होती. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१३ साली 'फँड्री', २०१६ साली 'सैराट'. चैतन्य ताम्हाणे यांनी मुंबईत इंग्रजी साहित्यात पदवी घेतली, फिल्म स्कूलला गेलेच नाहीत, आणि त्यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला. उमेश कुलकर्णी एफटीआयआयचे. 'वळू', 'विहीर', 'देऊळ'.

आणि सगळ्यांचे आजोबा दादासाहेब फाळके. त्यांच्या वेळी फिल्म स्कूल नव्हतंच. जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला, मग बडोद्याला कलाभवन, फोटोग्राफी, छपाईचा धंदा. १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणि तंत्र घेऊन आले. परत आल्यावर पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं, कॅमेरा समोर ठेवला आणि रोपाची वाढ महिनाभर एकेक फ्रेम करून टिपली. पडद्यावर रोप भराभर वर येताना दिसलं आणि पैसे लावणारा तयार झाला. आमच्या भाषेत याला डेमो म्हणतात. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, आणि फिल्म धुण्यापासूनची कामं त्या स्वतः करायच्या. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

यातून मी काय निष्कर्ष काढला? डिग्रीशिवाय जमतं, असा नाही. या प्रत्येकानं कुठेतरी, कोणाकडून तरी, बराच काळ शिकून घेतलंय. जागा वेगळ्या आहेत एवढंच. न शिकता फक्त पोस्ट करत राहिलेला त्यांच्यात कोणी नाही.

शीटमध्ये एक रकाना असाही होता: 'आमच्याकडच्या पोरीनं हे का शिकावं?' तिथे मी दोन गोष्टी लिहिल्या.

पहिली, २०१७ सालची. कपाशीवर फवारणी करताना आमच्या जिल्ह्यात विषबाधा झाली, २०च्या आसपास माणसं गेली. तेव्हा चॅनेलच्या गाड्या यवतमाळात आल्या. मेल्याची बातमी झाली. जो वाचला, ज्याची नजर अधू झाली, त्याच्याकडे महिन्याभरानंतर किती कॅमेरे गेले?

दुसरी, अवनी वाघीण. पांढरकवडा, राळेगावच्या पट्ट्यात काय दहशत होती ते आम्ही पाहिलंय. आई संध्याकाळी शेतातून लवकर परतायची. २ नोव्हेंबर २०१८ ला वाघिणीला गोळी घातली. २०२१ साली 'शेरनी' हा हिंदी सिनेमा आला, त्याची गोष्ट या प्रकरणाशी जुळते असं सगळीकडे लिहून आलं. सिनेमा मला आवडला. पण तो मध्य प्रदेशच्या जंगलात चित्रित झाला. आमचं शेत, आमची बोली, पऱ्हाटीत वाकलेली आमची माणसं त्यात कशी असणार? ज्याला ती माहीत आहेत त्यालाच ती दाखवता येतील. सतीश मनवर यांच्या २००९ सालच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये विदर्भातला कापूसवाला शेतकरी दिसला, तेव्हा शीर्षकातला शब्दसुद्धा आपला होता. अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी.

जूनमध्ये बहिणीला घेऊन कॉलेजं बघायला निघालो. एका खासगी संस्थेचं नाव सांगत नाही. काचेची लॉबी, भिंतीवर हॉलिवूडचे पोस्टर, समुपदेशक गोड बोलणारे. बहिणीनं विचारलं, "सर, कॅमेरा किती दिवस हातात मिळते?" ते म्हणाले, "बॅचवाइज देतो." ती म्हणाली, "एका पोराले किती दिवस?" उत्तर फिरत फिरत आलं: एका सेमिस्टरला दोन दिवस, दहा जणांच्या गटात. मी फीला दिवसांनी भागलं आणि गप बसलो. बाहेर आल्यावर तिला म्हणालो, "पोरी, तू माझ्यापेक्षा चांगला इंटरव्ह्यू घेते."

शेवटी नागपूर ठरलं. वणीवरून वरोरामार्गे बस आहे, अडीनडीला घरी येता येतं. साधं कॉलेज, विद्यापीठाशी संलग्न, फी आवाक्यात. राहणं-खाणं धरून महिन्याला बारा हजार मी पाठवतो. माझी बाईक घ्यायची होती, ती राहिली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, पैसे कुठून आले हे न सांगता 'स्वप्नांच्या मागे धावा' म्हणणं मला पटत नाही म्हणून सांगतोय. ज्यांच्या घरी भरणारं कोणी नाही त्यांच्यासाठी हिशेब वेगळा आहे, आणि तो आधी करावा.

बाबांनी एकच अट घातली. "ज्याचा व्हिडिओ घेशील, त्याले पयले दाखवशील. तो हो म्हणीन तवाच लोकाइले दाखवशील."

पहिले दोन महिने तिचे फोन म्हणजे तक्रारी. नोट्स इंग्रजीत, कम्युनिकेशनच्या थिअरीची नावं पाठ होत नाहीत, कॅमेरा अजून दाखवलासुद्धा नाही. मला वाटलं, झालं, मी म्हटलं होतं तसंच झालं. मनातल्या मनात थोडा खूशही झालो, हे कबूल करतो.

मग सप्टेंबरात एका रात्री साडेअकराला फोन. आवाज वेगळा. म्हणाली, आज वर्गात कुलेशोव्हचं शिकवलं. लेव्ह कुलेशोव्ह हा रशियन दिग्दर्शक. साधारण शंभर वर्षांपूर्वी त्यानं एक प्रयोग केला. एका नटाचा चेहरा, काहीही भाव नसलेला. त्याच्यापुढे एकदा सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. चेहरा तोच. पण बघणाऱ्यांना वाटलं, आता तो भुकेला आहे, आता दुःखी आहे, आता त्याच्या मनात इच्छा आहे. म्हणजे भाव चेहऱ्यात नव्हता, जोडणीत होता.

एवढं सांगून ती थांबली. मग म्हणाली, "दादा, हे मी बाबासोबत केलं होतं. अन् मले मालूमच नव्हतं का मी करून राहिली."

मी काय बोलणार? मी तर ती जोडणी बघून कॅन्टीनमध्ये रडलो होतो.

मंडळी, माझ्यासाठी बारा हजाराचा हिशेब त्या फोनला जुळला. नोकरी लागेल का, मला माहीत नाही. पण कात्री कुठे लागली की माणसाचं काय होतं, हे तिला कळलं. हे बीएस्सी कॉम्प्युटरमध्ये कळलं नसतं. मला बीटेकच्या चार वर्षांत कोणी शिकवलं नाही, आणि आज आपण सगळेच दिवसाला शंभर कट बघतो.

आता ज्यांनी मेसेज केले त्यांच्यासाठी कामाचं सांगतो. लिहून घ्या.

एक, पदवी कोणाची आहे ते बघा. विद्यापीठाची की संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र? पुढे एफटीआयआय किंवा कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत जायचं तर मान्यताप्राप्त पदवी लागते. कुठल्याही शाखेची बहुतेक ठिकाणी चालते, काही विभागांना वेगळी अट असते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा. सरकारी शिष्यवृत्ती त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे महाडीबीटीवर स्वतः तपासा. "होईल हो" असं तोंडी सांगितलेलं धरू नका.

दोन, विषयांची यादी मागा. पत्रकारिता किती, जाहिरात किती, सिनेमा किती? तुम्हाला जे हवंय ते कोणत्या वर्षी येतं?

तीन, माझ्या बहिणीचा प्रश्न विचारा. कॅमेरा, माईक आणि एडिटिंगचं मशीन एका विद्यार्थ्याला किती दिवस? तीन वर्षांत स्वतःच्या किती फिल्म होतात? शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर गाठून विचारा. लॉबीत विचारू नका.

चार, दिग्दर्शन सोडून एक हातातलं काम धरा. ध्वनी, एडिटिंग, कॅमेरा, सबटायटल. लग्नाच्या सीझनला एडिटर लागतोच. आमच्या पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर महिनोन्‌महिने चालतात, वडसा हे त्याचं केंद्र. कलेवर तिथे घरं चालतात, पण कामाचा माणूस लागतो.

पाच, फी परवडत नसेल तर गावाजवळ साधं बीए करा, सोबत मोबाईलवर सराव करा आणि पदवीनंतर प्रवेश परीक्षा द्या. हा लांबचा रस्ता नाही, एफटीआयआयचा रस्ताच तो आहे. पुण्यात उन्हाळ्यात रसग्रहणाचा छोटा अभ्यासक्रमही होत आलाय, त्याची माहिती काढा.

आणि सहा, बाबांची अट. ज्याला शूट केलं त्याला आधी दाखवा.

आता घरचं सांगतो आणि थांबतो. तिचं पहिलं वर्ष संपलं. मार्क बरे आहेत, फार नाहीत. ती सध्या आवाज रेकॉर्ड करायला शिकतेय. सुट्टीत आली तेव्हा आईच्या शेजारणींचा निंदणाचा आवाज घेत होती, गप्पांसकट. त्यातलं एक वाक्य एका काकूंनी काढायला सांगितलं. चांगलं वाक्य होतं. तिनं काढलं.

बाबांनी या वर्षी कापूस दुसऱ्याकडे विकला. जुन्या व्यापाऱ्याशी रामराम होतो, पण चहा होत नाही. ती सव्वाचार मिनिटांची मूळ फाईल अजून तिच्या फोनमध्ये आहे. तिला ती त्या व्यापाऱ्याला दाखवायची आहे, पूर्ण, गाण्याशिवाय. बाबा म्हणतात, "राहू दे." ती म्हणते, "मी विचारून पाहतो ना त्याले." हे कुठे जाईल, मला सांगता येत नाही. मी या वेळी मध्ये पडलो नाही.

तुमच्या घरात असा वाद चालू असेल तर आईबाबांना हा भाग ऐकवा, आणि आधी तुम्ही त्यांचं ऐकून घ्या. त्यांच्या नकाराच्या आत एखादं खरं कारण असतं. आमच्या घरी होतं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. रामराम!